पाण्यात विरणारा कागद

दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडला जातो, हे ठाऊक असूनही मी या विषयावर लिहायला बसलो आहे. विषय आहे शौचकूपात वापरायच्या कागदाचा. ज्यांच्या हातात या क्षणी चकली असेल त्यांनी ती आधी संपवावी आणि मग पुढे वाचावे. विषय नाक मुरडण्याजोगा वाटला, तरी तो आपल्या सगळ्यांच्या घरातून रोज वाहत असतो आणि कुठेतरी कुणाच्या तरी हाती लागतो. तो कुणाच्या हाती लागतो, हे मला गेल्या वर्षी कळले. त्याचीच ही हकीकत.

गेल्या वर्षी गणपतीला आठ दिवस उरले असताना आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे चेंबर तुंबले. तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत पाणी उलटे वर येऊ लागले. सणाच्या तोंडावर असे झाल्यावर काय गोंधळ उडतो, तो कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको. सेक्रेटरींनी दोन माणसे बोलावून आणली. एक पन्नाशी उलटलेला, दुसरा त्याचा तरुण भाचा. बांबूच्या लांब कामट्या एकीला एक जोडून त्यांनी नळीत सारल्या आणि अर्धा-पाऊण तास ती ओढाताण चालली. मी समितीचा सभासद म्हणून पैशांचे पाकीट हातात घेऊन आणि नाकाला रुमाल लावून उभा होतो.

काम अडले तेव्हा आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आत उतरून बघा ना जरा. दोनशे रुपये वर देऊ."

मी काहीही बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

तो वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाला, "साहेब, उतरायचे दिवस गेले. आम्ही उतरत नाही." आणि त्याने पुन्हा कामटी आत घातली. थोड्या वेळाने तिच्या टोकाला गुंडाळून एक लांबलचक, करडा, दोरखंडासारखा पिळा बाहेर आला. कुणीतरी म्हणाले, "शी! किती हा कागद!" त्यावर तो मान हलवून म्हणाला, "हा कागद नाही. कागद असता तर विरून गेला असता. हे कापडासारखं आहे. बघा, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे."

सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या मजल्याकडे वळल्या. तिथे चार महिन्यांचे बाळ होते. मी मात्र जमिनीकडे पाहत राहिलो. कारण आमचे अण्णा चैत्रापासून अंथरुणावर होते. त्यांच्यासाठी ओल्या पुसण्यांची पाकिटे मीच आणत असे. पाकिटावर इंग्रजीत 'फ्लशेबल' असे छापलेले होते आणि छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणे हा तर माझा धंदाच!

नाव नसलेली वस्तू

मी कॉलेजात मराठी शिकवतो. शास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. त्यामुळे त्या माणसाचे 'कागद असता तर विरला असता' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कागद भिजतो, फाटतो, लगदा होतो, हे ठीक. पण एक कागद विरतो आणि दुसरा विरत नाही, हा भेद कुणी आणि कसा ठरवला?

आधी सवयीप्रमाणे शब्दाच्या वाटेने गेलो. आपल्या भाषेत या विधीसाठी शब्दांची रेलचेल आहे. परसाकडे, बहिर्दिशेला, शौचाला, तांब्या घेऊन, टमरेल घेऊन. यातले निम्मे शब्द जागेवरून आले आणि उरलेले पाण्याच्या भांड्यावरून. कागदावरून आलेला एकही नाही. 'टॉयलेट पेपर'ला मराठीत आजही सुटसुटीत शब्द नाही, कारण ती वस्तू आपल्या घरात कधी नव्हतीच. आपल्याकडे तांब्याचे राज्य. अमेरिकेतल्या मुलाकडे बाळंतपणाला निघालेल्या कितीतरी मावश्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एक प्लॅस्टिकचा मग लपवलेला असतो, हे उघड गुपित आहे. शिवाय कागद ही आपल्याकडे सरस्वती. पाय लागला तर नमस्कार करायचा. त्या कागदाचा असा उपयोग म्हणजे अब्रह्मण्यम्!

मौज अशी की कागद ज्यांनी शोधला त्या चिनी लोकांनाही हाच पेच पडला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस यान झ्हितुई नावाच्या विद्वानाने आपल्या मुलाबाळांसाठी उपदेशपर लेखन केले. ज्या कागदावर प्राचीन ग्रंथांतली वचने किंवा थोरांची नावे लिहिली आहेत, तो कागद शौचासाठी वापरण्याचे धाडस आपण करीत नाही, असे त्याने नमूद केले आहे. म्हणजे कोरा कागद तेव्हाही त्या कामी लागत होता. पुढे ८५१ साली चीनची माहिती देणाऱ्या एका अरबी वृत्तांतात, हे लोक पाण्याने धूत नाहीत, कागदाने पुसतात, अशी आश्चर्ययुक्त नोंद आढळते. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या अरबाची मुद्रा आणि न्यू जर्सीला प्रथमच उतरलेल्या आमच्या मावशीची मुद्रा यांत फारसा फरक नसावा. १३९३ साली चीनच्या शाही दरबारासाठी वर्षाला ७,२०,००० कागद लागत. खुद्द सम्राटाच्या कुटुंबासाठी आणखी १५,००० कागद मऊ आणि सुवासिक करून पाठवले जात.

पश्चिमेकडे ही वस्तू फार उशिरा बाजारात आली. न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटीने १८५७ साली औषधी कागद म्हणून ती विकायला काढली आणि प्रत्येक तावावर स्वतःचे नाव पाण्याच्या ठशात उमटवले. आपले नाव अशा ठिकाणी अमर करण्याची हौस दुसऱ्या कुणाला झाली असेल, असे वाटत नाही! पुढे सेथ व्हीलर या गृहस्थाने भोके पाडून सहज तोडता येणाऱ्या कागदाच्या गुंडाळीचे पेटंट १८९१ साली घेतले. त्या पेटंटातल्या चित्रात कागदाचे टोक गुंडाळीच्या पुढच्या बाजूने लोंबताना दाखवले आहे. टोक पुढून असावे की मागून, यावर तिकडच्या घराघरांत जो वाद चालतो, त्याचा निकाल म्हणून हे चित्र पुढे केले जाते.

घावन आणि कागद

आता कागद विरतो कसा, ते पाहू.

लाकूड, बांबू किंवा उसाची चिपाडे शिजवून त्यांतले सेल्युलोजचे तंतू मोकळे केले, की लगदा होतो. हा पातळ लगदा जाळीवर पसरून त्यातले पाणी काढले, की तंतू एकमेकांच्या जवळ येतात आणि वाळताना एकमेकांना धरून बसतात. मुळात या पकडीला गोंद लागत नाही. तंतूंच्या पृष्ठभागावरचे रेणूच एकमेकांना ओढून धरतात. शास्त्रज्ञ याला हायड्रोजन बंध म्हणतात. जत्रेच्या गर्दीत पोरांनी एकमेकांची करंगळी धरून चालावे, तशी ही पकड असते. पाणी पुन्हा आत शिरले की ते मध्ये घुसून करंगळ्या सोडवते. साधा कागद ओला होताच त्याचे बळ बहुतांशी जाते, ते यामुळे.

पण काही कागद ओले झाले तरी टिकायला हवे असतात. चहाची पुडी किंवा स्वयंपाकघरातला पुसायचा कागद घ्या. अशा कागदाच्या लगद्यात एक राळेसारखे द्रव्य मिसळतात. ते तंतूंना अशा गाठी मारते की पाण्यालाही त्या सुटत नाहीत. शौचकूपाच्या कागदात हे टिकाऊ द्रव्य मुद्दाम घालत नाहीत. म्हणजे या कागदाचा कारागीर एक विचित्र कसरत करीत असतो. कागद हातात असताना फाटता कामा नये आणि पाण्यात पडल्यावर टिकता कामा नये. आपल्या सर्व वस्तू टिकाऊ असाव्यात, अशी आपली इच्छा असते. ही एकच वस्तू अशी की वेळेवर नाहीशी होणे हाच तिचा सद्गुण.

तिच्या मऊपणाचीही युक्ती आहे. देवदार-चीड अशा झाडांचे तंतू लांब असतात, त्यांनी बळकटी येते. निलगिरीसारख्या झाडांचे तंतू आखूड असतात, त्यांनी मऊपणा येतो. दोन्हींचे प्रमाण जमवणे म्हणजे भाजणीत डाळ-तांदळाचे प्रमाण जमवण्यासारखेच आहे. मग हा ओला पापुद्रा वाफेने तापवलेल्या एका प्रचंड लोखंडी पिंपावर चिकटवतात. त्याचा व्यास चार-पाच मीटर असतो. क्षणार्धात तो वाळतो आणि एक धारदार पाते त्याला पिंपावरून खरवडून काढते. तव्याला चिकटलेला घावन उलथन्याने खरवडला की त्याला कशा चुण्या पडतात, ते आमच्या कोकणी वाचकांना ठाऊकच आहे. त्याच सूक्ष्म चुण्यांमुळे कागद ताणला जातो, फुगीर होतो आणि हाताला मऊ लागतो. वेगवान यंत्रावर हा पापुद्रा मिनिटाला दोन हजार मीटरपर्यंत धावतो. म्हणजे ताशी १२० किलोमीटर. आमची जलद लोकल कल्याणहून ठाण्याला निघाली, तरी या कागदाला गाठू शकणार नाही. आणि कागद किती पातळ? आपल्या वहीच्या कागदाचे वजन चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम भरते, तर याच्या एका पदराचे पंधरा-वीस.

महाराष्ट्र या विद्येत मागे नाही. बल्लारपूरची गिरणी चंद्रपूरच्या बांबूवर वाढली. पुण्याजवळ थेरगावची पदमजी मिल १९६४ सालची. पातळ, खास प्रकारचे कागद आणि टिश्यू यांसाठी तिचे नाव घेतले जाते.

परीक्षा आणि परीक्षक

मी उत्तरपत्रिका तपासतो. त्यामुळे कागदाचीही परीक्षा घेतात आणि त्या परीक्षेचा अभ्यासक्रम जगभर ठरलेला आहे, हे वाचून मला मोठा आनंद झाला. टिश्यू कागदासाठी आय.एस.ओ. १२६२५ ही प्रमाणांची मालिकाच आहे. एका भागात जाडी मोजायची, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात ताण. ताण मोजताना पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन चिमट्यांत धरून तुटेपर्यंत ओढतात, तीही कागदाच्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी, कारण दोन्हींचे बळ सारखे नसते. ओल्या कागदाचा ताण वेगळा मोजतात. पाणी किती आणि किती वेळात शोषले जाते, हे पाहण्यासाठी कागद छोट्या टोपलीत घालून पाण्यात सोडतात. भोकांच्या रेषेवर तो सरळ तुटतो की नाही, याचीही चाचणी आहे. आणि एका भागात, आमच्या चेंबरवाल्या गृहस्थाने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मोजली जाते. कागद ढवळत्या पाण्यात टाकून तो विरायला किती वेळ लागतो, ते पाहतात.

सर्वांत अवघड विषय मऊपणाचा. त्याचे माप कोणते? पुष्कळ काळ यासाठी माणसेच बसवीत आणि आजही बसवतात. हाताला सवय झालेले परीक्षक नमुने चाचपून त्यांना क्रम लावतात. हे आमच्या निबंधाच्या गुणांसारखेच झाले. चांगला कोणता ते कळते, पण का ते सांगता येत नाही! पुढे जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका संस्थेने यंत्र काढले. ते कागदावर पाती फिरवते आणि त्यांतून उठणारी कंपने ऐकते. खरखरीत कागद एक आवाज काढतो, मऊ कागद दुसरा. मऊपणा हा बोटांना नव्हे, कानांना विचारायचा, ही कल्पना मला तरी कवीची वाटली.

आणखी एका परीक्षेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कमी पाण्यात काम करणारी शौचपात्रे अमेरिकेत आणि कॅनडात आली, तेव्हा ती खरोखर काम करतात का, असा प्रश्न निघाला. जाहिराती तर सगळ्यांच्याच उत्तम! त्यावर २००३ साली कॅनडात एक चाचणी ठरवण्यात आली. त्यात खऱ्या वस्तूऐवजी सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याच्या, म्हणजे जपानी मिसोच्या, वळकट्या आणि सोबत कागदाचे बोळे वापरतात. ही वस्तू घनतेने मूळ वस्तूच्या जवळ जाते म्हणे. एका दमात निदान साडेतीनशे ग्रॅम खाली गेले पाहिजे, अशी अट पुढे अमेरिकेच्या पाणीबचतीच्या प्रमाणपत्रासाठी घातली गेली. हे मी घरी जेवताना सांगितले, त्याबद्दल मला त्या रात्री दुसरी आमटी मिळाली नाही.

सहा बरण्या

एवढे वाचून झाल्यावर हे सारे आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे वाटू लागले. माझी मुलगी नववीत आहे. तिला शाळेत शास्त्राचा प्रकल्प हवाच होता. आम्ही दोघांनी मिळून सज्जात सहा बरण्या मांडल्या. प्रत्येकीत एक लिटर पाणी. पहिलीत शौचकूपाचा कागद, दुसरीत हॉटेलातला पातळ रुमाल, तिसरीत स्वयंपाकघरातला जाड पुसायचा कागद, चौथीत वर्तमानपत्र, पाचवीत अण्णांसाठी आणलेली 'फ्लशेबल' पुसणी आणि सहावीत बाळाची साधी ओली पुसणी. झाकण लावून प्रत्येक बरणी शंभर वेळा हलवायची, चाळणीतून गाळायची, उरले ते परत टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे, असा नियम ठरला. चाळणी पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती चाळणी आता स्वयंपाकघरात परत येता कामा नये." आमच्या प्रयोगशाळेला मिळालेले पहिले सरकारी अनुदान ते हेच.

पहिल्या बरणीतला कागद पन्नास हिसक्यांच्या आतच ढगासारखा पसरला. शंभराव्या हिसक्याला दूध फाटावे तसे पाणी झाले होते आणि चाळणीत जवळजवळ काहीच उरले नाही. हॉटेलातल्या रुमालाचे तुकडे झाले, पण ते तुकडेच राहिले. जाड पुसणा ओला होऊनही धडका होता. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीही वाचता येत होते. छापील शब्द पाण्याला भीत नाही, याचा मला क्षणभर अभिमान वाटला. पाचवी आणि सहावी बरणी मात्र एकाच माळेचे मणी! हलवल्या, ठेवल्या, पुन्हा हलवल्या. आठव्या दिवशी मुलीने दोन्ही पुसण्या काढून पिळल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. "बाबा, या अजून चार वेळा धुवून वापरता येतील," ती म्हणाली.

आमची ही बालवाडीची परीक्षा. खरी परीक्षा टोरांटोच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. एकदा वापरून टाकायच्या १०१ वस्तू त्यांनी तपासल्या. त्यांपैकी २३ वस्तूंवर 'फ्लशेबल' असे छापलेले होते. एकही पुसणी सुरक्षितपणे विरली नाही. विरला तो साधा शौचकूपाचा कागद.

पुसणी विरत नाही, कारण ती बहुधा कागदच नसते. पॉलिएस्टर, व्हिस्कोज अशा धाग्यांना पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी एकमेकांत गुंतवून ते न विणलेले कापड केलेले असते. व्हिस्कोज म्हटल्यावर कल्याणकरांचे कान टवकारतील. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि २००९ साली बंद पडलेली मोहन्याची एन.आर.सी. यांच्या भोंग्यांवर इथल्या दोन पिढ्यांची घड्याळे चालली. तिथे लाकडाचाच लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साह्याने पातळ करून, आम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडून, त्याचा रेशमासारखा लांब धागा करीत. पुसण्यांसाठी त्याच जातीचा आखूड धागा लागतो. म्हणजे झाड एकच. एका वाटेने गेले तर पाण्यात विरणारा कागद, दुसऱ्या वाटेने गेले तर न विरणारे कापड. आणि पाकिटावरचा शब्द मात्र दोघांना एकाच रांगेत बसवतो.

हे कापड नळीत गेले की स्वयंपाकघरातून आलेले तेल-तूप त्याला चिकटते. मग त्याचा दगड होतो. लंडनला व्हाइटचॅपेल भागातल्या गटारात २०१७ साली असा अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात काचेआड मांडला होता. आपल्याकडे त्याचे संग्रहालय होत नाही. आपल्याकडे माणूस बोलावतात.

जो खाली उतरतो

इथे मला विनोद आवरता घ्यावा लागतो.

बंद चेंबरात आणि टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. दुसरा वायू कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते की धोका टळला. काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हे दूरदेशीचे वर्णन नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात सांडपाण्याच्या चेंबरमध्ये तीन कामगार गेले. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच १ नोव्हेंबरला कल्याण पूर्वेत एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत दोघे अग्निशमन दलाचे होते. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाची सांडपाण्याची टाकी साफ करताना तिघे मेले. त्या संकुलात तुमच्या-आमच्यासारखीच कुटुंबे राहत होती.

हे काम आपल्या समाजाने जातीला बांधून ठेवले आणि मग त्या जातीला शिवायचे नाही असे ठरवले. या पापाची टोचणी लागलेली माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचे काम आपल्याला करू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग केला आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत आणि साधे, स्वस्त संडास यांचे प्रयोग आयुष्यभर केले.

कायदाही झाला. एक १९९३ साली आणि अधिक कडक असा २०१३ साली. संरक्षक साधनांवाचून कुणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. त्यात मृत्यू आला तर दहा लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मला लागलेला ठसका या कायद्याचा नव्हता. 'दोनशे रुपये वर देऊ' हे वाक्य माझ्यादेखत उच्चारले गेले आणि पाकीट माझ्याच हातात होते. तो गृहस्थ 'हो' म्हणाला असता, तर मी दोनशे रुपये मोजून दिले असते. आणि तो ज्याच्यासाठी उतरला असता, तो पिळा माझ्याच घरातून गेलेला होता.

कोजागिरी

कोजागिरीला आमच्या गच्चीवर सगळी सोसायटी जमते. मसाला दूध झाले, गाणी झाली. मग मी पाचवी बरणी घेऊन उभा राहिलो. दूध पिऊन झाल्यावर उभा राहिलो, एवढे तारतम्य मी राखले. शेजारी मुलीने पहिली बरणी धरली. आठवणीने नवा कागद टाकून तिने ती सर्वांसमोर हलवली आणि तो नाहीसा केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सांगितले की गणपतीच्या आधी निघालेला तो पिळा दुसऱ्या मजल्यावरचा नव्हता, आमच्या घरातला होता. त्या दिवशी मी बोललो नाही, याची मला लाज वाटते.

क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग दुसऱ्या मजल्यावरची ती सून हळूच म्हणाली, "सर, महिनाभर मी जिन्यात मान खाली घालून चालत होते. आम्ही तर बाळाचं सगळं कचऱ्याच्या डब्यातच टाकतो." मला उत्तर सुचले नाही. सेक्रेटरी माझ्यावर रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "दोनशे रुपयांचं मी बोललो होतो." आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिले: 'पाणी, मैला आणि विरणारा कागद. चौथे काही नाही.' आमच्या मोरीत पुसण्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा आला. अण्णांसाठी जुन्या धोतरांचे मऊ तुकडे करून, कोमट पाण्यात भिजवून वापरू लागलो. ते धुवून उन्हात वाळवता येतात. अण्णा म्हणाले, "हे आधीच करायचं होतंस. तुझ्या लहानपणी तुझी आई हेच करीत होती." फाल्गुनात अण्णा गेले. शेवटपर्यंत त्यांच्या अंगाला ओरखडा नव्हता.

त्या तांब्याचीही गंमत पाहा. जपानच्या एका कंपनीने १९८० साली पाण्याची धार सोडणारे बैठे पात्र बाजारात आणले आणि कागदाच्या देशांनाही पाण्याची गोडी लागू लागली. आपल्या मावशीच्या बॅगेतला मग तसा काळाच्या पुढेच होता म्हणायचा! पण पाणी असो की कागद, आपल्या नजरेआड झाले म्हणजे ते संपले असे नव्हे, एवढे मी या वर्षात शिकलो.

यंदा गणपतीच्या आधी चेंबर साफ करायला तेच मामा-भाचे आले. या खेपेला यंत्राची गाडीही मागवली होती आणि खाली कुणाला उतरायचे नव्हते. मी चहा घेऊन खाली गेलो. हात धुऊन त्यांनी कप घेतला. मामा म्हणाले, "यंदा काही निघालं नाही, सर. नुसतं पाणी."

मी म्हटले, "मग काम काय केलंत?"

ते हसले. "काही निघालं नाही, हेच चांगलं काम."